समैस्माच्या किनाऱ्यावरचा तंबू

या सदरातले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. वाचून झालं की नवऱ्याला म्हणते, "बघ, लोकांना किती रिकामा वेळ असतो!" मी दोह्यात लॅब टेक्निशियन आहे. दिवसभर रक्ताचे नमुने तपासते. जे मशीनमध्ये दिसत नाही ते नाहीच, असा माझा खाक्या. त्यामुळे आज मीच हे लिहायला बसलेय याचं नेल्सनला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भयंकर हसू येतंय. हसू दे. त्या दिवशी त्याचाही चेहरा बघण्यासारखा झाला होता.

आम्ही मूळचे वसईचे. गल्फमध्ये राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको — आपली अॅन्युअल लीव्ह आपली नसतेच. ती गावाची असते. बॅगा भरायच्या, बदाम-परफ्युम-मिल्क पावडर कोंबायची आणि जायचं. लग्नं, बारशी, आजारपणं, सगळं त्या एका महिन्यात. बारा वर्षं हेच केलं. मग यंदा नेल्सनने फ्रान्सचं काढलं. त्याच्या ऑफिसातला कोणीतरी बोजोले नावाच्या भागात जाऊन आला होता. सगळीकडे द्राक्षमळे, मध्ये छोटी छोटी गावं, आणि मळ्याच्या कडेला तंबू ठोकून राहायचं. सकाळी पाव आणि चीज घेऊन सायकलवर भटकायचं. कॅम्पसाइटच्या मालकीणबाईंचे मेल यायचे, भाषांतर करून पाठवलेले, मोडकेतोडके पण इतके प्रेमळ! मी तर हुरळूनच गेले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं नकाशात डोकं घालून बसायचो.

एकच अडचण होती... पप्पा.

आई गेल्यानंतरची ही आमची पहिली सुट्टी. पप्पा वसईला भावाकडे, विल्सनकडे राहतात. आयुष्यभर पानवेलींचा आणि केळीचा मळा केला त्यांनी. आता मळा नाही, घरामागे थोड्या केळी तेवढ्या उरल्यात. आम्ही येणार म्हणून त्यांनी वरच्या खोलीत एसी बसवून घेतला. रियाला, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या मुलीला, गरम होतं ना! आणि मी काय केलं? फोन करून सांगितलं, "पप्पा, यंदा लीव्ह सँक्शन नाही झाली. स्टाफ कमी आहे." थाप मारताना जीभसुद्धा अडखळली नाही माझी. "नोकरी आहे बाय, चालायचंच," एवढंच म्हणाले. (आमच्या बोलीत लिहिलं तर निम्म्यांना कळणार नाही, म्हणून त्यांचं बोलणं साध्या मराठीत लिहितेय.)

मग बेत लपवणं आलं. विल्सनला सांगितलं नाही. रियाला दम भरला. नवा तंबू घेतला त्याचा एक फोटोसुद्धा स्टेटसला टाकला नाही, कारण वसईत अर्धा गाव माझा स्टेटस बघतो.

तंबू ठोकण्याची सवय व्हावी म्हणून एका शुक्रवारी, चर्चमधली मिस्सा आटपून, आम्ही समैस्माला गेलो. दोह्याच्या उत्तरेला समुद्रकाठचं गाव आहे ते. फेब्रुवारीतलं छान ऊन, पण वारा असा की उभं राहू देईना. नेल्सनने महिनाभर व्हिडिओ बघून तंबूशास्त्रात डॉक्टरेट केली होती! प्रत्यक्षात वाळूत एक खुंटी टिकेना. इकडची ठोकली की तिकडची उपटायची. तंबूचं नुसतं फडकं झालं होतं. शेवटी तो वैतागला, मी खिदळले आणि भांडण पेटलं.

भांडत भांडत आम्ही गाडीपाशी आलो, पाण्याच्या बाटल्या काढायला. रिया तंबूच्या तोंडाशी शिंपले मांडत बसली होती. ती मला दिसत होती, पण खरं सांगायचं तर मी तिच्याकडे बघत नव्हते. कारण भांडण आता तंबूवरून पप्पांवर आलं होतं.

"त्यांना खरं सांगून टाक," नेल्सन म्हणाला. "मला नाही आवडत हे."

"आता आवडत नाही? फ्रान्स कोणाला हवं होतं?"

"मला. पण खोटं बोल असं मी नव्हतो म्हणालो."

हे मला झोंबलं, कारण खरं होतं. मी म्हटलं, "त्यांना काय फरक पडतो रे? मी गेले काय नि न गेले काय, दिवसभर केळीतच असतात ते." हे वाक्य मी बोलले. माझ्याच तोंडाने. 

बाटल्या घेऊन परत आलो तर तंबू उभा! असा ताठ, की वाऱ्याने कापड हलेना. खुंट्या सगळ्या उपटून एका बाजूला नीट ठेवलेल्या. दोऱ्यांची टोकं किनाऱ्यावरच्या दगडांना बांधून ते दगड वाळूत पुरलेले. एक अर्धवट उघडा होता, म्हणून मला दिसलं. दोरी दगडाला बांधली होती ती केळीच्या सोपटाने. सोपट म्हणजे केळीच्या खोडाची वाळकी साल. आमच्याकडे गजऱ्यापासून वेलीपर्यंत सगळं त्यानेच बांधतात. आणि गाठ नव्हती. दोन वेढे, पीळ, आणि टोक आत खोचलेलं. पप्पा वेल अशीच बांधायचे. गाठ मारली की वेल गुदमरते म्हणायचे, आणि लहानपणी मी गाठ मारली की हातावर चापटी द्यायचे. सोपट ओलं होतं. वाळकं सोपट तुटतं, ते आधी भिजवावं लागतं. मी वास घेतला. खारा नव्हता हो... आमच्या विहिरीच्या पाण्यासारखा होता.

"रिया, कोणी केलं हे?"

तिने मानही वर केली नाही. मराठी सगळं कळतं तिला, बोलते मात्र इंग्लिशच. "आजोबा डिड इट."

"कोण आजोबा?"

"अवर आजोबा, मम्मा! ही आस्क्ड व्हेअर यू आर. आय सेड दे आर फायटिंग. ही सेड, लेट देम."

नेल्सन किनारा पालथा घालून आला. लांब एक कुटुंब चहा पीत बसलं होतं, बाकी चिटपाखरू नाही. "कोणीतरी भला माणूस असेल," तो म्हणाला. "सोपट केळीच्या खोक्यातून आलं असेल." पण पुरलेले दगड उकरून दोऱ्या सोडायला तोच आधी लागला. आम्ही न जेवताच तंबू गुंडाळला आणि घरी आलो. 'यल्ला', म्हणजे 'चला चला', म्हणायचीसुद्धा गरज पडली नाही.

माझ्या मनात काय आलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. घरी पोचताच व्हिडिओ कॉल लावला. तर पप्पा मजेत जेवत होते!

"बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय!"

मागून वहिनी ओरडली, "अगं, दुपारी असे झोपले की हाका मारून उठेनात. घाबरलेच मी. उठले ते हात धुवायला धावले."

मी रडले. का रडतेय ते सांगितलं नाही. त्या क्षणी खरं बोलता आलं असतं... नाही बोलले.

पुढचे काही दिवस मला फ्रान्सचा नकाशा बघवेना. वेली दिसल्या की पप्पांचे हात दिसायचे. शेवटी बुकिंग रद्द केलं. नेल्सन तंबू कपाटावर टाकून आला. वसईची तिकिटं काढली आणि पप्पांना फोन लावला. आता तरी खरं सांगावं की नाही? पण एक थाप झाकायला दुसरी तयारच होती. उसन्या आनंदाने म्हटलं, "पप्पा, गुड न्यूज! लीव्ह सँक्शन झाली! आम्ही येतोय!"

  पप्पा हळूच म्हणाले, "अगं, तंबू चांगला उभा राहिला होता. माझ्यासाठी कशाला मोडलात?"

मी गारच पडले. "कसला तंबू, पप्पा?"

"काही नाही गं. म्हातारं माणूस, काहीतरी बोलून जातं," ते म्हणाले, आणि रियाला कुठले मासे आवडतात ते विचारू लागले.

विल्सनला खोदून खोदून विचारलं, त्याला काही माहीत नव्हतं. रियाचं तिच्या आजोबांशी मधल्या काळात बोलणं झालं नव्हतं. ते सोपट मी घरी आणलं होतं, आता वाळून तुटायला आलंय. नेल्सन अजून केळीच्या खोक्याचंच सांगतो. माझ्याकडे दुसरं काही स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर जरूर लिहा. पण माझं दुखणं ते नाहीच. पप्पा आले ते मला पकडायला आले नव्हते, माझा तंबू पडतोय म्हणून आले होते. आणि मी खोटं का बोलले, हे त्यांनी अजून एकदाही विचारलेलं नाही. रागावले असते, तर माफी तरी मागता आली असती मला.