मागचे शॉकअप आणि मिस्त्रीचं जेवण

ती पडदे शिवायची आणि स्वतःच गाडीतून नेऊन गिऱ्हाइकांकडे टांगून द्यायची. नवरा गाड्यांचा मिस्त्री. पण त्याला पक्षाघाताचा झटका आला, उजवा हात लुळा पडला आणि शब्दांची अदलाबदल झाली. डोक्यात बरोबर असायचं, तोंडातून भलतंच निघायचं.

खड्ड्यातून गेली की गाडीची मागची बाजू होडीसारखी डुलत राहायची. मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर तेल गळून निकामी झाले होते. दुसऱ्या गॅरेजचं नाव काढलं की नवरा मान फिरवायचा. शेवटी तिनंच नवे शॉकअप आणले, गाडी मागून उचलून स्टँडवर ठेवली, चाकं काढली. तो शेजारी खुर्ची टाकून बसला.

डिकीतलं अस्तर बाजूला करून तिनं वरचा नट काढला, मग खालचा बोल्ट. जुना शॉकअप हातात आला तशी तिला मूठभर मांस चढलं. अ‍ॅक्सलखाली जॅकचा टेकू होता.

"सोड! सोड!" तो ओरडला.

तिनं जॅक सोडला. अ‍ॅक्सल धाडकन खाली आला, ब्रेकचा पाइप ताणला गेला. त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, सोड?"

"सोड नाही गं! सोड!"

ती म्हणाली, "बोलू नका. हातानं दाखवा."

त्यानं डावा हात वर नेला. ती डिकीत शिरली आणि तिथे काय करायचं ते न कळून तशीच वाकून राहिली. अखेर तो खुर्चीवरून घसरत जमिनीवर आला, त्यानं तिचा हात धरून जॅकच्या दांड्यावर ठेवला. अ‍ॅक्सल वर चढला, भोकं जुळली, नव्या शॉकअपचा बोल्ट आत गेला. ती तो आवळू लागली, तर त्यानं मनगट पकडलं.

"जेवण. आधी जेवण."

"आत्ता? माझे हात बघा!"

तो हटेना. वैतागून तिनं हात धुतले, ताट वाढून आणलं. त्यानं ते सारून दिलं. "जेवण!" म्हणत डाव्या तळव्यानं डिकीवर जोर देऊ लागला. डोळे पाण्यानं भरले होते. ती ताटाकडे बघे, गाडीकडे बघे.

"वजन? गाडी खाली उतरवून, चाकांवर वजन आल्यावर आवळायचं?"

त्यानं सुस्कारा सोडला. ताट आलंच होतं. दोघांनी तिथेच बसून संपवलं.

दुसरी बाजू त्यामानानं लवकर झाली. गाडी खाली उतरवून तिनं बोल्ट आवळले आणि त्याला घेऊन चक्कर मारायला निघाली. गतिरोधकावर गाडीची मागची बाजू एकदाच दबली आणि स्थिर झाली. त्यानं डोळे मिटले.

चौकात तो म्हणाला, "डावीकडे." ती आता शहाणी झाली होती. तिनं उजवीकडे वळवली.

"अगं, डावीकडे म्हटलं ना!"

तिनं गाडी थांबवली. "खरंच डावीकडेच म्हणायचं होतं?"

"मग काय!"

आनंद मानावा, की यापुढे त्याचं कुठलं बोलणं खरं धरावं या विचारात पडावं, तिला कळेना. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.