पोटातला लूम आणि आमची मांजर

माझा फोन नंबर विसरलात, निदान पोटातल्या लूमची गोष्ट तरी आठवते का रे गल्लीतल्या पोरांनो? मी बोलतेय, सून टाइप करतेय.

नव्वदच्या सुमारास नारपोलीत, आपल्या कापडाच्या मागांच्या गल्लीत, मी तुम्हाला सांगायचे, खोटं बोललं की पोटात लूम, म्हणजे माग, सुरू होतो. शुक्रवारी सुट्टीला गल्लीतले लूम बंद झाले, खडखडाट थांबला, की तुम्ही एकमेकांच्या पोटाला कान लावायचात. त्या भीतीने गुरुवारीच सगळं कबूल करायचात.

आज लोणच्याची बरणी फुटली. नात म्हणाली, मांजरीने पाडली. सुनेने मांजर लांब सोडून यायला पिशवी काढली. तशी नात माझ्याकडे आली; लूमची गोष्ट तिलाही सांगितलीय मी.

"आजी, कान लाव. वाजतंय?"

"वाजतंय तर. दोन शिफ्ट चालू हायत."

ती रडत आईकडे गेली. "मीच पाडली."

मांजर घरातच राहिली.

तुमची पोटं शांत हायत ना? लोणचं पाठवा, प्लास्टिकच्या बरणीत. मांजरीसाठी सुकट वेगळी बांधा.