व्हय, तात्या

तात्यांनी आधी माइक पाहिला, मग मला पाहिलं, आणि मग आमच्या रेडिओ केंद्राच्या साहेबांकडे वळून विचारलं, "ही बसणार माझ्यासमोर?"

साहेब हसले. शेतीचा कार्यक्रम हीच करते, श्रोत्यांना हिचा आवाज आवडतो, असं काहीतरी सांगू लागले.

"अहो, ही आमच्या सोन्याची पोर. माझ्या नर्सरीत कलमं बांधतो ना, तो."

एवढंच बोलले. शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. पावसाळी हवेबद्दल बोलावं तसे बोलले. सोन्या म्हणजे माझा बाबा. बासष्ट वर्षांचा माणूस. तात्या त्याच्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आहेत.

आणि मी उठले. इथे मी खोटं लिहिणार नाही. साहेबांनी मला ऊठ म्हटलं नव्हतं. तात्यांनीही म्हटलं नव्हतं. मीच प्रश्नांचे कागद गोळा केले, हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची मागे सारली. साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. त्यांनी लगेच बातम्या वाचणाऱ्या आमच्या एका सरांना बोलावलं आणि मला म्हणाले, तू आज बाहेर बस, आवाजाचं मशीन आणि फोन तूच सांभाळ, तुझ्याइतकं कोणाला जमत नाही. म्हणजे वर मलाच शाबासकी.

हे केंद्र रत्नागिरीत, मांडवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. एका संस्थेचं आहे. नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक नावावर भांडतात आणि झालं ते बाजूला राहतं. मी तिथे सहा वर्षं हंगामी निवेदिका होते. हंगामी म्हणजे महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर ड्यूटीचा कागद लागतो, त्यावर नाव असलं तर तुम्ही निवेदक, नसलं तर कोणी नाही. तात्या या संस्थेचे देणगीदार. स्टुडिओतला एसी त्यांनीच दिलेला.

गावात तात्यांच्या घराला अजून खोत म्हणतात. खोती जाऊन किती पिढ्या झाल्या, कायद्याने जमिनी कुळांच्या नावावर झाल्या, हे सगळं मी शाळेत शिकले. घरी मात्र वेगळं शिकले. आम्ही कुणबी. बाबा त्यांच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात गेला की पायरीच्या खाली उभा राहतो. बसत नाही. वर बोलावलं तरी जात नाही, आणि बोलावतही नाहीत. चहा येतो तो पडवीच्या कोपऱ्यात आमच्यासाठी वेगळ्या पालथ्या घातलेल्या कपातून. पिऊन झाला की कप आपण विसळून परत पालथा घालायचा. मी लहानपणी बाबाबरोबर गेले की हे काम माझं असायचं. मला ते आवडायचंसुद्धा. आपल्यावर काहीतरी जबाबदारीचं काम सोपवलंय असं वाटायचं.

रेडिओवर या गोष्टी चालत नाहीत, असं मी समजत होते. आवाजाला कुठलं खळं आणि कुठली पायरी? निवड चाचणीत मी चाळीस जणांत पहिली आले होते. गावाकडचा हेल घरी ठेवून यायचा, एवढी एक अट होती, ती मी पाळली. शहरातल्या एक बाई दर महिन्याला पत्र पाठवायच्या. एकदा त्यांनी लिहिलं, "तुमचा आवाज ऐकला की वाटतं, आपल्यातलंच कोणी बोलतंय." मी ते पत्र पर्समध्ये घालून फिरत होते. आपल्यातलंच म्हणजे कोणातलं, हे विचारावं असं तेव्हा डोक्यातही आलं नाही. इतकी मी खुळी होते.

तर त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता कार्यक्रम सुरू झाला. थेट प्रसारण, श्रोत्यांचे फोन घेऊन. विषय होता आंब्याची कलमं. काचेपलीकडे तात्या, सर आणि एसी. काचेअलीकडे मी, मशीन आणि टेलिफोन. प्रश्न माझेच होते, सर ते वाचत होते. तात्या छान बोलतात. त्यांच्या आजोबांनी बाग कशी उभी केली, आपल्या नर्सरीतलं कलम कुठे कुठे गेलंय, सगळं रंगवून सांगत होते. 'मी बांधलेली कलमं' असं दोनदा म्हणाले. तात्यांनी आयुष्यात एक कलम बांधलेलं नाही. त्यांच्या हातात कलमाचा चाकू मी कधी बघितला नाही.

मग सावर्ड्याहून एकाचा फोन आला. मुंबईची नोकरी सोडून गावी आलेला माणूस. त्याने दोनशे कोयी रुजत घातल्या होत्या, रोपं वर आली होती, आणि आता त्यांच्यावर बांधायला हापूसची काडी कशी निवडायची ते त्याला विचारायचं होतं. घरच्यांनी वेड्यात काढलंय, पहिलंच वर्ष आहे, चुकून चालणार नाही, असं तो मला आधीच सांगून बसला होता. मी फोन आत दिला.

तात्या म्हणाले, "अगदी कोवळी घ्यायची. शेंड्याची लुसलुशीत पालवी असते ना, तीच. आज तोडायची, आजच बांधायची."

कोवळी काडी कधी जगत नाही. हे आमच्या घरात बोलायला लागलेल्या पोरालाही माहीत असतं. काडी तीन-चार महिन्यांची लागते. तोडायच्या आठ-दहा दिवस आधी झाडावरच तिची पानं कापून ठेवायची, देठ ठेवायचे, म्हणजे शेंड्याचा डोळा, फुटायचा कोंब, फुगतो. तात्यांनी सांगितलं तसं केलं असतं तर त्या माणसाची दोनशेच्या दोनशे रोपं काळी पडली असती. आणि ऐकणारा तो काही एकटा नव्हता.

काचेपलीकडे सर मान डोलवत होते. त्यांना काय कळतंय त्यातलं? मी खुणा केल्या. त्यांना वाटलं वेळ संपली. आणि कानात सांगितलं असतं तरी माझ्या शब्दावर ते देणगीदाराला खोडणार नव्हते. मग मला सुचलं ते मी केलं. फोनची दुसरी लाइन मोकळी होती. मी बाबाला फोन लावला. तो नर्सरीच्या शेडमध्ये कलमंच बांधत होता आणि मोबाइलवर कार्यक्रम ऐकत होता, हे मला माहीत होतं. म्हटलं, बाबा, काडीचं काय ते तूच सांग, आत जोडते. त्याने नको म्हणायच्या आत मी लाइन दिली, आणि सरांना हेडफोनमधून कानात सांगितलं, अनुभवी कलमकार फोनवर आहेत.

मला वाटलं होतं, आता माझा बाबा बोलेल. पस्तीस वर्षांचं त्याच्या बोटांतलं आहे ते सगळं जिल्हा ऐकेल.

सरांनी विचारलं, काका, तात्यांनी कोवळी काडी सांगितली, तुमचं काय म्हणणं?

पलीकडे पत्र्यावरचा पाऊस ऐकू येत होता. मग बाबा बोलला, "व्हय, तात्या. तुमी सांगितलात ता बरोबर हाय."

सावर्ड्याचा माणूस अजून लाइनवर होता. तो म्हणाला, चला, बरं झालं, दोघांनी सांगितलं, आता शंका नाही.

मीच बाबाला मध्ये आणून त्या माणसाचा पुरता घात केला होता. बाबावर मला संताप आला. आणि त्या संतापातच कळलं. तासाभरापूर्वी मी कोणी न सांगता खुर्चीवरून उठले, तेही हेच होतं. बाबा तोंडाने व्हय म्हणाला. मी पायांनी म्हणाले होते. बीए झाले, निवड चाचणीत पहिली आले, हेल पुसून टाकला, आणि तरी पाय बाबाचेच राहिले.

निवेदकाचा एक माइक बाहेर मशीनपाशी असतो. वेळ सांगायला. मी तो उघडला.

"थांबा. सावर्ड्याचे श्रोते, कोवळी काडी घेऊ नका, सगळी कलमं मरतील." आणि मग महिने, पानं, देठ, डोळा, सगळं सांगितलं. घाई केली नाही. शेवटी म्हटलं, "हे मला माझ्या बाबाने शिकवलं. तात्यांच्या नर्सरीतली कलमं तोच बांधतो. आत्ता फोनवर व्हय म्हणाला तोच माझा बाबा. त्याला खरं माहीत आहे. तात्यांसमोर ते बोलायची त्याला सवय नाही."

साहेब धावत आले आणि त्यांनी गाणं लावलं. तात्या बाहेर आले ते चिडलेले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्याकडे बघून साहेबांना म्हणाले, "शिकवा अजून यांना." आणि छत्री घेऊन गेले.

घरी गेले तर बाबा माझ्याकडे बघेना. आईने सांगितलं, दुपारी तात्यांचा निरोप आला होता, उद्यापासून येऊ नको असा नव्हता, पोरीला समजाव असा होता. जेवताना बाबा एकदाच बोलला. "मला म्हाईत नव्हता काय? म्हाईत होता. पन तात्या आदी बोल्ले ना. मंग आपुन कसा बोलायचा?"

मी विचारलं, आणि ती दोनशे कलमं?

बाबा उठून हात धुवायला गेला.

दोन दिवसांनी साहेबांनी एक कागद पुढे ठेवला. चार ओळी टाइप केलेल्या. कार्यक्रमात अनधिकृतपणे बोलून मान्यवर पाहुण्यांचा अवमान केल्याबद्दल मी दिलगीर आहे. हे पुढच्या मंगळवारी त्याच वेळी, माझ्या आवाजात, थेट वाचायचं. वाचलं की विषय संपला, ड्यूट्या चालू. साहेब वाईट माणूस नाहीत. ते म्हणाले, तुझा आवाज आम्हाला हवाय गं. मी म्हटलं, काडी कुठली बरोबर ते तुम्ही कृषी अधिकाऱ्यांना विचारलंत का? ते म्हणाले, विचारलं, तुझंच बरोबर आहे, पण तो प्रश्नच नाही.

बाबाने सोमवारी सांगितलं, वाच, चार वळी हायत. तो हात जोडायचाच बाकी होता. मला रडू आलं, आणि मी ते त्याच्यासमोर लपवलं नाही. पण वाचते म्हणाले नाही.

मंगळवारी अकराला मी आत बसले. साहेबांनी मी वाचणार असंच धरलं होतं. तात्यांच्या समोरची म्हणून जी खुर्ची मला नाकारली होती, तीच ती असेल, मी बघितलंही नाही. लाल दिवा लागला. मी वेळ सांगितली, केंद्राचं नाव सांगितलं. मग बोलले, "गेल्या मंगळवारी मी मध्येच बोलले, त्याबद्दल माफी मागायला मला सांगण्यात आलं आहे. मी सांगितलं ते खरं होतं, हे केंद्रालाही माहीत आहे. मी माफी मागणार नाही." एवढंच बोलता आलं. नंतर माइक बाहेरून बंद झाला. मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. या वेळी उठायला मला सांगावं लागलं.

पुढच्या एक तारखेच्या कागदावर माझं नाव नव्हतं. त्याला आता वर्ष होत आलं. मी एका पतपेढीत काम करते. बाबा अजून तात्यांकडेच जातो, आणि आमच्यात त्या दिवसाचा विषय निघत नाही. तो कधीतरी मला बरोबर म्हणेल म्हणून मी वाट बघत बसलेले नाही.

दर एक तारखेला मी अर्धी रजा टाकते आणि केंद्रावर जाते. कागद वाचते. माझं नाव नसतं. मग साहेबांच्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसते आणि माझा अर्ज देते. मला का वगळलं ते लेखी द्या, पोच सही करून द्या. ते पोच देतात, कारण देत नाहीत. शिपाई आता मी दिसले की हसतो. हसू दे. बिनबोभाट निघून गेलेली बाई त्यांना परवडते. मी त्यांना परवडणार नाही. मला काढलं असेल तर का काढलं ते त्यांच्या हाताने लिहावं लागेल, आणि लिहीपर्यंत मी येत राहणार. पुढची एक तारीख शनिवारी आहे. अर्ज लिहून ठेवलाय.