खाकी खरवडली तेव्हा

लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या मोटारी विकायला काढल्या, त्यातली एक मी घेतली. चार वर्षं फौजेत ड्रायव्हरकी केली होती, दुसरं येत काय होतं? कर्जत स्टेशनावरून खालापूरकडे माणसं न्यायची-आणायची, एवढाच बेत. गाडी खाकी होती. मला त्यात वावगं दिसलं नाही.

घरासमोर उभी केली तर आळीतली पोरं पळाली आणि माझ्या आईने आतून दाराला कडी घातली.

बेचाळीस साली अशाच खाकी गाडीतून माझ्या थोरल्या भावाला नेला होता. गुन्हा काय, तर डोंगरात लपलेल्या पोरांना भाकऱ्या पोचवल्या. सहा महिन्यांनी तुरुंगातून कागद आला, तो तापाने गेल्याचा. मी तेव्हा सरकारचीच गाडी हाकत होतो आणि पगार घरी पाठवत होतो. आई तो घेत होती. ह्यावर आम्ही दोघं कधी बोललो नाही.

"धंदा कर रं तू," ती कडीच्या आतून म्हणाली. "मी त्यात बसनार नाय."

ज्या गाडीत मालकाची आई बसत नाही तिच्यात गिऱ्हाईक कशाला बसेल, असं मी चारचौघांत बोलून दाखवलं. खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाचं मला काही पडलं नव्हतं. ती बसायला हवी होती.

तेव्हा रंग बदलायचा ठरला. कुठला, ह्यावर दोन मतं पडली. गावातला रंगारी दुकानांच्या फळ्या आणि बैलगाड्या रंगवायचा. तो म्हणाला, तेलरंग. आहे त्या खाकीवरच ब्रशने दोन हात मारतो, परवा मोकळे. "आणि वाळायला?" विचारलं तर म्हणाला, आठ दिवस. भातझोडणी चालू होती, हवेत नुसता भुसा. आठ दिवसांत गाडीला लव आली असती.

दुसरं मत माझ्या फौजेतल्या दोस्ताचं. तो आता मुंबईला मोटारी रंगवायचा. तो म्हणाला, सेल्युलोज. हा पंपाने फवारायचा, पाव तासात वाळतो, धूळ बसायला सवडच नाही. "पण जुन्या रंगावर नाही हं चालत. खालचा रंग उचलतो, पापडासारखा फुगतो. पत्र्यापर्यंत खरवडावं लागेल."

तिथेच माझं ठरलं. तेलरंगाच्या खाली खाकी तशीच राहिली असती. कुठेतरी ओरखडा उठला असता, आणि आईची नजर नेमकी तिथेच गेली असती. तिची नजर मला ठाऊक आहे.

गोठ्यातली बैलं बाहेर बांधली, गाडी आत घेतली आणि मी नऊ दिवस खरवडत बसलो. लोक येऊन बघून जात. एकाने विचारलं, गाडी साली काढून खायची का? चौथ्या दिवशी आई केरसुणी घेऊन आली. खाकी भुगा लोटून उकिरड्यावर टाकला, वर थुंकली आणि भाकऱ्या थापायला गेली. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

दोस्त पंप घेऊन आला, तांबडं अस्तर मारलं. "उद्या सकाळी निळा," तो म्हणाला. "फक्त धूळ नको." हे आईने ऐकलं.

सकाळी आम्ही फवारा सुरू केला. पंप पायाने मारायचा होता, तो मी मारत होतो. पहिल्या दारावर गडद निळा बसला आणि बघता बघता त्यावर राखेसारखं पांढरं चढलं.

"ओल कुठून आली रे?" दोस्त म्हणाला. हा रंग इतका झटपट वाळतो की हवेतली ओल त्यात धरली जाते. आम्ही खाली बघितलं. जमीन ओली होती. भिंतीही. आईने पहाटे उठून धूळ उडू नये म्हणून सगळा गोठा शेणाने सारवला होता, कमरेइतक्या उंचीपर्यंत.

माझं डोकं फिरलं. "तुला कुणी सांगितली होती ही उठाठेव? नऊ दिवस घातले मी, नऊ!"

"लग्नाच्या मांडवात सारवतात, मंग हितं नको?" ती म्हणाली. "चांगलं व्हावं म्हनून केलं. तुझ्या रंगाला शेन चालत नाय, मला काय ठावं?"

दोस्ताने गाडी उन्हात ढकलायला लावली, दुपारी पत्रा तापल्यावर पातळ हात मारला आणि पांढरं गेलं. संध्याकाळी गाडी अशी निळी झाली की खाकीचं नावही उरलं नाही. आई सभोवार फिरली, वाकून चाकांच्या आतसुद्धा बघितलं. मग नवं लुगडं नेसून आली. मी दार उघडून दिलं, पुढे बसलो आणि इंजिन चालू केलं.

ती गाडीच्या पायरीवरून परत खाली उतरली.

"आता काय झालं?"

"रंग चांगला हाय रं," ती म्हणाली. "आवाज त्योच हाय."

सेल्युलोज की तेलरंग, ब्रश की पंप, महिनाभर माझं हेच चाललं होतं. आवाजाचं माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. भावाला नेला त्या दिवशी हा आवाज घरात बसून तिने ऐकला होता, मी नव्हतो.

मी इंजिन बंद केलं. दोस्ताला स्टिअरिंग धरायला बसवलं आणि मागे गेलो. आई चढली. मी खांदा लावला आणि मारुतीच्या देवळापर्यंत गाडी ढकलत नेली. वाटेत लोक विचारत होते, काय रं, बिघडली काय? मी हो म्हणत होतो.