उपटलेली वायर

सिग्नलला माझ्या रिक्षाशेजारी एक स्कूटर थांबली. पुढे आमच्या कॉलनीतला एक भाऊ, मागे त्याची बहीण आणि मध्ये जुन्या गोधडीत गुंडाळलेला ड्रम. दोघांच्याही केसांत आता पांढरं दिसतं. मी ओळखलं आणि मान वळवली.

कॉलेजात असताना ही दोघं आमच्या कॉलनीच्या स्नेहसंमेलनात पहिल्यांदा वाजवायला उभी राहिली होती. गाणं पाण्याच्या टँकरवर होतं आणि एकही ओळ सुरात नव्हती. याला पंक म्हणतात, यात सुरापेक्षा ओरडणं मोठं, असं भावाने आधीच सांगून टाकलं होतं. लोक कानांत बोटं घालून बसले. मी तेव्हा सेक्रेटरी. उठलो आणि माइक-गिटारची वायर बोर्डातून उपटली. गाणं थांबलं नाही. भाऊ स्टेजवर पाय आपटत राहिला. बहीण ड्रम उचलून खाली आली, माझ्यापुढे ठेवून बडवू लागली आणि उरलेलं गाणं माझ्या तोंडावर ओरडली.

वीस वर्षं झाली. ना कुणी हार घातले, ना रेडिओवर लावलं. तरी बोलावतील तिथे ड्रम घेऊन जातात. आपण बहुतेक जण कुणी वायर काढेल म्हणून आयुष्यभर हळू आवाजात बोलतो. मी तर त्या भीतीच्या बाजूने उभा होतो.

"काका, संध्याकाळी या की आमच्या कार्यक्रमाला," बहिणीने स्कूटरवरून हाक मारली.

"अजून तेच गाणं म्हणता?"

"शेवटचं गाणं तेच असतं," ती म्हणाली. "फक्त वायर आता आम्हीच काढतो."