चोचीवरची टिचकी

शेजारच्या काकूंना त्यांच्या मुलानं नांदेडला न्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांचा पोपट मागं राहिला. सुनेला पिसांचा त्रास होत होता. काकू पिंजरा घेऊन आमच्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याकडं राहू दे गं बाई. पंख वाकडा हाय त्याचा, उडता येत न्हाई. बाहीर सोडला तर मांजर सोडंल का त्याला?"

पोपट पाळायला कायद्यानं मनाई आहे हे मला ठाऊक होतं. पण काकूंचा चेहरा बघून मी पिंजरा आत घेतला.

मी घरीच ब्लाउज शिवते. आमच्या हट्टा गावातल्या निम्म्या बायका माझ्याकडं येतात. पिंजरा मशीनजवळच्या खिडकीत टांगला. दुसऱ्याच दिवशी पाण्याची वाटी बदलायला आत हात घातला आणि त्यानं माझं बोट असं धरलं की रक्ताचा थेंब थेट एका नवरीच्या ब्लाउजवर पडला. ऐन लग्नसराई. कापड बदलून द्यावं लागलं. पुढचे काही दिवस रोज तेच. बोटांना पट्ट्या बांधून सुईत दोरा ओवता येईना.

"चोचीवर टिचकी मार," नवरा म्हणाला. "माझ्या मामाकडं व्हता एक. दोन-चार टिचक्यांत सरळ आला."

मी मारली. पहिल्यांदा हळूच. त्यानं पुन्हा चावा घेतला. मग मला राग आला. हाताशिलाई करताना सुई टोचू नये म्हणून मी बोटात लोखंडी अंगुस्तान घालते. ते घातलेलं बोट आत घातलं, म्हणजे त्याला चावता येईना आणि माझी टिचकी त्याला चांगली लागे. टक् असा आवाज यायचा. खरं सांगायचं तर त्या आवाजानं मला बरंही वाटायचं.

पोपट चावायचा थांबला. "बघ, सुधारला का न्हाई?" नवरा म्हणाला. ब्लाउज न्यायला आलेल्या बायकांना मी कौतुकानं सांगायचे, आमचा आता शहाणा झालाय.

मग एक दिवस खिळ्यावरची कात्री काढायला मी हात वर केला आणि पिंजऱ्यात धप्प असा आवाज झाला. तो दांडीवरून खाली पडला होता. माझा हात त्याच्याकडं गेलाही नव्हता. तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं की किती तरी दिवसांत त्यानं तोंडच उघडलेलं नाही. काकूंकडं असताना तो सकाळी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं "च्या झाला का?" विचारायचा. आमच्याकडं आल्यापासून तो एकदाही बोलला नव्हता. पिंजऱ्याच्या तळाशी हिरवी पिसं पडली होती. छातीवर एका जागी कातडी दिसत होती. ती पिसं त्यानं स्वतःच उपटली होती.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन आला. "त्याच्याजवळ धर गं जरा." मी स्पीकर लावला. काकूंनी हाक मारली तसा तो मान वाकडी करून दांडीवरून सरकत सरकत पुढं आला. मी फोन अजून जवळ नेला, आणि माझा हात दिसताच तो किंचाळत मागच्या गजांवर धडकला.

"काहून ओरडून राहिला गं?"

"मांजर आली होती, काकू," मी म्हणाले.

"हाकल बाई तिला. लई भेतो तो मांजरीला."

मी फोन ठेवला. शिवायला घेतलेलं कापड त्या दिवशी तसंच बाजूला पडून राहिलं.

त्यानंतर अंगुस्तान घातलेला हात मी पिंजऱ्यापाशी नेला नाही. दार उघडं ठेवून मशीनवर काम करायचं, बोलत राहायचं, दाराशी एक हिरवी मिरची ठेवायची आणि त्याच्याकडं बघायचंच नाही. पुष्कळ दिवस मिरची तशीच सुकायची. हळूहळू तो खायला लागला, मग मिरचीचं टोक मी धरलेलं असलं तरी. हात वरून न्यायचा नाही, खालून न्यायचा, हे मला त्याच्या भीतीनंच शिकवलं. चावायच्या आधी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या बारीक व्हायच्या, मानेवरची पिसं उभी राहायची. म्हणजे तो पहिल्या दिवसापासून मला सांगत होता. मी बघत नव्हते. आता पिसं उभी राहिली की मी हात मागं घ्यायचे.

"लाडावून ठेव, पुन्हा चावंल," नवरा म्हणायचा.

चावलाही. मी हात झटकला नाही, ओरडले नाही, पाठ फिरवून कामाला लागले. पुढं पुढं तो बोट चोचीत धरून बघायचा आणि दाबायच्या आधी सोडून द्यायचा. एका दुपारी बोटावर चढून बसला. त्याचे पाय गार होते. मला आनंद झाला, पण तो पुरा होईना.

पावसाळ्याच्या तोंडावर काकू एका लग्नाला गावात आल्या. त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडताच तो त्यांच्या दंडावरून चढत खांद्यावर गेला, कानाशी काहीतरी पुटपुटला. त्यांनी मायेनं डोक्यावर हात ठेवायला वर नेला आणि तो दबून अंग चोरून बसला. काकूंचा हात तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"मी मारलं त्याला, काकू. चोचीवर. ती मांजर आली न्हवती त्या दिवशी."

काकूंनी मी दिलेला चहाचा कप निम्मा तसाच खाली ठेवला. मग विचारलं, "आता न्हाई ना मारत?"

"न्हाई."

"बराबर," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याला खांद्यावरून स्वतःच पिंजऱ्यात ठेवलं. त्याला परत नेणं त्यांच्या हातात नव्हतं, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. रिक्षा वळेपर्यंत तो त्यांना हाका मारत होता.

त्या संध्याकाळी मी मशीनवर बसले नाही. पिंजऱ्याचं दार उघडून खाली फरशीवर बसले. तो आला नाही. मीही बोलावलं नाही.