चांदणी आणि शेऱ्याचा रकाना

हिशेबाच्या वहीत जमा, खर्च, शिल्लक यांच्या पलीकडे एक अरुंद रकाना असतो, शेऱ्याचा. त्यात दोन शब्द मावतात. 'पोच मिळाली' किंवा 'बाकी पुढे', एवढंच. पण घोड्यांच्या धंद्याची वही लिहायला लागलो आणि हा रकाना पुरेना. आधी समासात लिहीत गेलो, मग पानाच्या मागे, मग वेगळी डायरीच केली. आता वही एक आणि शेऱ्यांच्या डायऱ्या चार!

धंदा रशीदभाईंचा. जुन्नरच्या जुन्या बाजारामागे त्यांचा तबेला आहे. वडील टांगा चालवायचे, भाई लग्नाला घोडी देतात. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत. घोडेगावालासुद्धा घोडी आमचीच जाते, हे ते प्रत्येक नव्या माणसाला एकदा तरी सांगतात. मी दिवसा खताच्या दुकानात असतो आणि संध्याकाळी तासभर तबेल्यात बसून वही लिहितो. हिशेब कुठं शिकलो नाही. दुकानातल्या जुन्या वह्या बघून बघून हात बसला.

पहिल्याच वर्षी मी भाईंना एक गोष्ट दाखवली. लग्नाचा सीझन पाच-सहा महिन्यांचा, घोड्याचं पोट बारा महिन्यांचं. घास, हरभरा, कोंडा, नालबंद, डॉक्टर, सगळं मांडून दाखवलं. चार जनावरं परवडत नाहीत, तीन परवडतात. आणि कुणी जायचंच तर चांदणी. सगळ्यात म्हातारी घोडी, कामाला सगळ्यात कमी.

भाईंनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बघू."

त्या 'बघू'ला तीन वर्षं झाली.

*

माझ्या आधी हिशेब भिंतीवर असायचा. लग्नाची एक सुपारी घेतली की चुन्याची एक उभी रेघ. पैसे मिळाले की तिच्यावर आडवी. भाई लांबून भिंतीकडे बघून सांगायचे, "आळ्याचे पाटील राहिलेत."

एका ईदला भाभींनी घर रंगवलं. उरलेल्या रंगात तबेलाही रंगवून काढला. संध्याकाळी भाई आले आणि दारातच थांबले. अख्खा सीझन गुलाबी झाला होता!

"कुणाकुणाकडं बाकी होती, आठवतंय का?" मी पुढे एकदा विचारलं.

"मला न्हाई आठवत," भाई म्हणाले, "पण ज्यांनी आणून दिले त्यांना आठवत व्हतं. तेवढ्याच लोकांची सुपारी परत घेतली."

उधारी वसूल करण्याची एवढी सोपी पद्धत मी आजवर कुठल्या वहीत पाहिलेली नाही.

*

मी आल्यावर बुकिंगचा छापील फॉर्म केला. नाव, गाव, मुहूर्त, बँड की डीजे आणि नवरदेवाचं वजन. शेवटच्या कलमावरून पहिल्याच आठवड्यात भांडण झालं.

ओतूरकडचे एक गृहस्थ मुलाच्या लग्नासाठी आले होते. म्हणाले, "राव, आमी पोरगी बघायला गेलो तवा पोरीच्या बापानं वजन न्हाई विचारलं, तुमी कोण विचारणार?"

"घोडीच्या बाजूनं मीच बाप समजा," भाई म्हणाले.

गृहस्थांनी रागारागानं ऐंशी किलो लिहिलं. लग्नाच्या दिवशी नवरदेव मांडवातून बाहेर आले आणि मी फॉर्म पुन्हा काढून वाचला. ऐंशी हे बहुधा त्यांच्या दहावीतलं वजन असावं. मी भाईंच्या कानाशी जाऊन म्हणालो, "यात तर ऐंशी लिहिलंय."

भाईंनी चांदणीला आधीच मागं घेतलं होतं. आमचा धिप्पाड घोडा बादल पुढे करत म्हणाले, "राहू द्या वहीत ऐंशी. घोड्याला कुठं वाचता येतंय!"

*

जुनी झिजलेली नाल लोक दाराला ठोकायला मागतात. मी ती भंगारात न देता जमेला धरायला सुरुवात केली. वहीत नालेचं वेगळं खातं आहे.

एकदा नारायणगावचे एक व्यापारी गाडी घेऊन आले. टोमॅटोचा भाव पडला होता, त्यांना कुणीतरी काळ्या घोड्याची नाल सांगितली होती. आमच्याकडं काळा घोडाच नाही. नाल होती ती चांदणीची, आणि चांदणी पांढरीशुभ्र. मी गप्प बसलो. पैसे चांगले मिळत होते.

भाईंनी मात्र त्यांना चांदणीसमोर नेऊन उभं केलं. "ही तिची नाल. घ्यायची तर घ्या."

"पण मला काळ्या घोड्याची सांगितली व्हती."

"मग टोमॅटो काळ्या घोड्याला खायला घाला."

गिऱ्हाईक गेलं. खातं तसंच राहिलं. पण तेच व्यापारी पुढच्या वर्षी मुलीच्या लग्नाचं बुकिंग करायला आले, तेव्हा म्हणाले, "घोडी तीच पांढरी पाठवा. तुमी खोटं न्हाई बोलत."

*

चांदणीची एक सवय इथे सांगायला हवी. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव घोडीवरून गावच्या मारुतीला जातो. देवळापुढे उतरतो, आत जातो, घंटा वाजवतो, परत येऊन बसतो. एवढी वर्षं हेच करून चांदणीचं डोकं असं झालं आहे, की दोन तालुक्यांतला कुठलाही मारुती दिसला की ती थांबते. पाठीवर कुणी असो वा नसो. तिच्याबरोबरचा माणूस आत जाऊन आल्याशिवाय ती पाऊल उचलत नाही. भाई एकटे असले तर स्वतः पायरीपर्यंत जाऊन उभे राहतात आणि परत येतात. "तिला तेवढं पुरतं," म्हणतात.

आंबेगाव तालुक्यातल्या एका गावी नव्या सरपंचांची मिरवणूक होती. गुलाल, फटाके, चांदणीवर सरपंच. जाता जाता पडलेल्या उमेदवाराची आळी आली. दोघे चुलतभाऊ. बांधावरून अकरा वर्षं बोलणं बंद. मुद्दाम त्याच आळीतून वाजवत न्यायचं ठरलं होतं.

आळीच्या मध्ये मारुती. चांदणी थांबली.

"हाक की घोडी!" पोरं ओरडली. भाईंनी हात वर केले. सरपंचांनी टाचा मारल्या, चुचकारलं, शिव्या दिल्या. घोडी जागची हलेना. बँडवाले तेच गाणं तिसऱ्यांदा वाजवायला लागले. शेवटी सरपंच उतरून देवळात गेले. आत पडलेला भाऊच बसला होता!

थोड्या वेळानं दोघे बरोबर बाहेर आले. दोघांच्याही कपाळाला शेंदूर. पडलेला भाऊ चांदणीच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "हिला तरी कळतंय, कुठं उतरावं ते. आमच्या घराला कळायला अकरा वर्षं लागली!"

सरपंचांनी ठरल्यापेक्षा जास्त पैसे दिले. मी ते जमेला धरले आणि शेऱ्याला डायरीचं अख्खं पान लागलं.

*

घोड्यांचा विमा काढायचा माझा हट्ट. विमावाल्यांनी वय विचारलं. भाईंनी चांदणीचं सांगितलं, "बारा."

मी लसीकरणाची मागची कागदपत्रं चाळली. गेल्या वर्षी बारा. त्याच्या आदल्या वर्षी बारा. सगळ्यात जुन्या कागदावरही बाराच! डॉक्टर आले, त्यांनी चांदणीचं तोंड उघडून दात पाहिले आणि म्हणाले, "वीसच्या आसपास असेल."

"हळू बोला," भाई म्हणाले, "तिला ऐकू येतं."

विमा नामंजूर झाला. आता तिच्या नावापुढे जमेला नाल आणि खर्चाला बाकीचं सगळं. पावसाळा दीड महिन्यावर आला होता. त्यात बादलच्या पायाला मार लागून औषधाचा खर्च वाढला. मी वही पुन्हा भाईंपुढे ठेवली. या वेळी ते 'बघू' म्हणाले नाहीत. "गिऱ्हाईक बघा," म्हणाले.

*

गिऱ्हाईक मीच शोधलं. नारायणगावच्या अलीकडच्या एका गावात एकांनी शेतावर पर्यटन केंद्र काढलं आहे. पुण्याची माणसं येतात, पोरांना घोड्यावरून एक चक्कर, एक फोटो. भाव चांगला दिला, इसारही दिला.

"दिवसाला किती चकरा?" भाईंनी विचारलं.

"रविवारी पन्नास-साठ हुत्यात. पाव्हणं, लई सोपं काम हाय. गोल गोल फिरायचं."

"उन्हात?"

"ऊन आपल्या हातात हाय का?"

ठरलेल्या दिवशी अकरापर्यंत घोडी पोचवायची होती. मी टेम्पो सांगतो म्हणालो, तर भाई म्हणाले, "कशाला? भाडं वाचंल. भाऊ, तुमीच चालवत न्या."

इतक्या वर्षांत भाईंनी पैसे वाचवायची गोष्ट पहिल्यांदा काढली होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला.

सकाळी सातला निघालो. भाई निरोप द्यायला बाहेर आले नाहीत. भाभींनी चांदणीला गूळ दिला आणि आत गेल्या.

सव्वासातला पहिला मारुती. चांदणी थांबली. मी आत गेलो, घंटा वाजवली, परत आलो. ती निघाली. सात पन्नासला दुसरा. तिसऱ्या ठिकाणी देवळाला कुलूप होतं. मी भाईंसारखे पायरीवरूनच हात जोडले. माझं तिला चाललं नाही. पुजाऱ्यांना घरून बोलावून आणावं लागलं, त्यात पाऊण तास गेला. चौथ्या देवळात भजन चालू होतं, तिथं चहा घ्यावा लागला. पाचवा, सहावा. सगळ्या वेळा माझ्या डायरीत आहेत. दहा वर्षं या रस्त्यानं एसटीनं जातो, इतके मारुती आहेत हे मला माहीत नव्हतं.

साडेबाराला त्या गावची वेस आली. वेशीवर सातवा मारुती, पिंपळाखाली पार. पाराला टेकवून भाईंची मोटरसायकल उभी होती. मागे घासाचा भारा बांधलेला. भाई चपला काढून पारावर बसले होते.

चांदणी थांबली.

"भाई, तुम्ही इथं?"

"इसार परत दिऊन आलो," ते म्हणाले.

"का? काय झालं?"

"आधी आत जाऊन या. ती थांबलीय."

मी आत गेलो, घंटा वाजवली, बाहेर आलो. तोवर भाईंनी चांदणीचं तोंड जुन्नरच्या दिशेला वळवलं होतं आणि भारा सोडून तिच्यापुढे टाकला होता. मोटरसायकलची चावी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. "तुमी व्हा फुडं. आमी येतो चालत. अजून सहा हायेत."

मी पारावर बसून पिशवीतली वही उघडली. तारीख टाकली. जमा, खर्च, दोन्ही रकाने कोरे.

"भाई, शेऱ्यात काय लिहू?"

भाईंनी लगाम हातात घेतला.

"लिहा, दर्शनाला गेली व्हती."